मोहरी कुठे गेली?

माणूस घर बदलतो, नोकरी बदलतो, प्रसंगी पक्षही बदलतो. पण चपला काढायची जागा बदलत नाही. अंधारात, झोपेत, पाहुण्यांशी बोलता बोलता पाय बरोबर त्या कोपऱ्यात जातो. आमच्या संगणकाच्या पडद्यावर माझ्या हाताचाही असाच एक कोपरा होता. डावीकडे, खाली. तिथलं बटण दाबलं की सगळं राज्य उघडायचं.

एका शनिवारी रात्री आमच्या चिरंजीवांनी त्या पडद्याला नवं रूप चढवलं. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही. माझं भांडण रूपाशी आहे, कुळाशी नाही.

"बाबा, आता एकदम सोपं झालंय. इन्ट्युइटिव्ह!"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे शिकावंच लागत नाही."

शिकावी न लागणारी ती विद्या त्याने मला पाऊण तास शिकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोसायटीची वार्षिक सभा होती. मी सोसायटीचा चिटणीस. निवड बिनविरोध झालेली, म्हणजे बाकी सगळ्यांनी आधीच नाही म्हटलेलं. जमाखर्चाचा तक्ता तयार होता, फक्त छापायचा होता. पावणेदहाला संगणकापुढे बसलो. हात सवयीने डाव्या कोपऱ्यात गेला. कोपरा रिकामा! बटण मुंजीतल्या बटूसारखं चार जणांच्या मधोमध जाऊन बसलं होतं. शब्दांच्या जागी चित्रं आली होती. त्यातली कात्री तेवढी मी ओळखली. छपाईचं समजून जे चित्र दाबलं, त्यासरशी समोरचा तक्ताच नाहीसा झाला. चिरंजीवांना उठवावं म्हटलं, तर रविवारी दहा वाजता त्यांची मध्यरात्र असते.

तसाच खाली गेलो. "हिशेब तयार आहे, पण सापडत नाही," हे वाक्य चिटणीसाने भर सभेत कधीही उच्चारू नये. अकरा वर्षं मी पै-पैचा हिशेब ठेवलाय. पण तळमजल्यावरचे एक सभासद नुसतं "अस्सं!" म्हणाले. त्या 'अस्सं'मध्ये पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीपासून दिवाळीच्या रोषणाईपर्यंतचा सगळा खर्च होता. दुपारी चिरंजीवांनी दोन टिचक्यांत तक्ता काढून दिला. तो मी घरोघर वाटला. पण 'अस्सं' काही परत घेता आलं नाही.

मग दुखणाईत माणूस जसे आपल्या दुखण्याचे थोर रोगी शोधतो, तसे मीही शोधले. लिनक्सचा गाभा ज्यांनी रचला, त्या लिनस टोरवाल्ड्सनी २०११ साली ग्नोम ३ या नव्या रूपावर वैतागून सरळ एक्सएफसीई नावाच्या साध्यासुध्या डेस्कटॉपवर बिऱ्हाड हलवलं होतं. वाचून फार बरं वाटलं. प्रत्यक्ष गवंड्यालाच घराचा दरवाजा सापडत नाही, तिथे भाडेकरूची काय कथा!

विंडोजची गोष्ट तर आणखी रंगतदार. १९९५ च्या ऑगस्टमध्ये डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट'चं बटण आलं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आलं, तेव्हा ते बटण गेलं आणि रंगीत फरशांचा पडदा आला. लोकांनी ओरड केली. २०१३ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की पुन्हा फरशाच! जुना मेन्यू नव्या वेषात परतला तो २०१५ च्या जुलैमध्ये, विंडोज १० बरोबर. म्हणजे पावणेतीन वर्षांचा वनवास.

पण खरं सांगायचं तर १९९५ साली त्या बटणाला मीच हसलो होतो. संगणक बंद करायचा तर आधी 'स्टार्ट' दाबायचं, हा काय आचरटपणा, असं चारचौघांत म्हणालोही होतो. पुढे तोच आचरटपणा माझ्या बोटांत असा मुरला, की तो गेल्यावर घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. तेव्हा नवं म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. चिरंजीव म्हणतात, "सहा महिन्यांत सवय होईल, बाबा." होईलच. प्रश्न त्या सहा महिन्यांचा आहे.

हे सगळं मी हिला तावातावाने सांगत होतो. ही तांदूळ निवडत शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही माझे डबे लावले होते, आठवतं?"

आठवलं. लग्नानंतर ही माहेरी गेली असताना मी स्वयंपाकघर शास्त्रशुद्ध केलं होतं. मिसळणाचा डबा अशास्त्रीय म्हणून बरखास्त. सगळे डबे एकसारखे, वर चिठ्ठ्या, क्रम वर्णमालेचा. मिरे, मीठ, मेथी, मोहरी. हळद सगळ्यात शेवटी, कारण 'ह'. ही आली, कढई ठेवली, तेल तापलं, आणि न बघता हात गेला तो रिकाम्या फळीवर.

"डबे सुंदर दिसताहेत हो," ही तेव्हा म्हणाली होती, "पण तेल तापलंय."

नवं रूप रोजच्या माणसासाठी तयार झालं की नाही, याची याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. निवांत दुपारी सगळीच रूपं सुंदर दिसतात. रोजच्या माणसाचं तेल तापलेलं असतं, लक्ष भाजीत असतं, सभा दहाला असते. त्याला न बघता मोहरी सापडली पाहिजे. आणि जागा हलवायचीच असेल, तर हात वळेपर्यंत जुना डबाही जुन्या जागी राहू द्यावा.

चिरंजीवांनी परवा सेटिंगमध्ये कुठेशी शिरून माझं बटण पुन्हा डावीकडे आणून दिलं. विंडोजला मेन्यू परत आणायला पावणेतीन वर्षं लागली होती. हिला मिसळणाचा डबा परत आणायला मात्र फोडणी जळण्याएवढाही वेळ लागला नव्हता.