बोलावणं

ऐंशीच्या दशकात जबलपुरात मराठी नाटक बसलं की त्याची जाहिरात करायची आम्हा मुलांनी. मराठी घरं गोलबाजार, राइट टाउन, दीक्षितपुरा, गढा अशी विखुरलेली. पार खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरांपर्यंत. हिंदी पेपरातली जाहिरात मंडळाला परवडायची नाही, आणि रिक्षावर भोंगा फिरवला तरी ऐकणाऱ्यांत आपली घरं किती? मग गोलबाजारच्या दत्तमंदिरात फळ्यावर खडूनं लिहायचं, लांबच्यांना पंधरा पैशांचं कार्ड टाकायचं आणि बाकीची घरं आम्ही वाटून घ्यायची. खमरियाचं काम सगळ्यांत सोपं. तिथल्या एका काकांच्या कानावर घातलं की पाळी सुटताना सायकलस्टँडवरच ते सगळ्यांना सांगत.

दारात उभं राहून आईनं पढवलेलं एका दमात म्हणायचं, "काकू, रविवारी सहाला नाटक आहे, आईनं सगळ्यांना बोलावलंय, आजींनाही घेऊन या." आजी राहिल्या तर आई परत पिटाळायची. तिचं बरोबरच होतं. आजी निघाल्या की त्यांना आणायला घरातली दोघं तरी येतातच.

खरी परीक्षा घरी परतल्यावर. कोण काय म्हणालं? "येतो" म्हणाले की "बघतो"? कुणाकडे ताप, कुणाकडे नागपूरचे पाहुणे? त्यावर सतरंज्या किती आणि चिवडा किती हे ठरायचं, आणि तापवाल्या घरी दुसऱ्या दिवशी आईचा डबा जायचा.

आता व्हॉट्सॲपवर एक चित्र टाकलं की पुण्या-बंगळुरात गेलेल्या मुलांपर्यंत निरोप पोचतो, तोही फुकट. त्याचा मला मनापासून आनंद आहे. ती मुलं एरवी कायमची तुटली असती. पण अंगठे मोजून सतरंज्या काढता येत नाहीत. म्हणून गणपतीच्या आधी आमची वहिनी अजून यादी घेऊन एकेका घरी फोन करते आणि आधी तब्येत विचारते.

२२ मे १९९७ ला पहाटे चारनंतर भूकंप झाला. आम्ही तोवर मोठे झालो होतो, कुणी नोकरीला लागलेले. उजाडताच सायकली निघाल्या आणि कुणी न सांगता जो तो लहानपणी वाटून घेतलेल्या घरांकडे गेला. सांगायला निरोप काहीच नव्हता. भिंतीला तडा गेलेल्या घरासमोर उभं राहून मी नुसती हाक मारली, "काकू!" आतून ओ आली, तेव्हा पुढच्या घराकडे वळलो.