फाईलमधली पुढची तारीख



आजचा विषय आरोग्याचा आहे, पण घडलं ते माझ्याच वर्गात. म्हणून इथे लिहितेय.

तिसरीत माझ्याकडे एक मुलगी आली. तिला आपण चिमणी म्हणू. ती अंगणवाडीत असताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं होतं. डॉक्टरांना तिच्या छातीत ठोक्यांसोबत वेगळा आवाज ऐकू आला. पुढे टू-डी इको झाली. हृदयातून फुफ्फुसाकडे रक्त जातं, त्या वाटेवरची झडप जन्मतःच अरुंद होती. अरुंद दारातून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येत होता. पाचव्या वर्षी मांडीच्या शिरेतून नळी घालून, टोकाचा फुगा फुगवून ती झडप मोकळी केली. छाती उघडावी लागली नाही.

आईने हे सांगितलं आणि मी घाबरले. खेळाच्या तासाला चिमणीला पायरीवर बसवायचं, पोरांच्या चपला सांभाळायला द्यायच्या, असं सुरू केलं. एक दिवस तिने विचारलं, "मॅडम, मी खो-खो खेळले तर मरेन का?"

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी घरी जाऊन फाईल मागितली. पुढच्या तपासणीची तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. वडील म्हणाले, "फुग्यानं झडप उघडली की मॅडम. पोरगी ठणठणीत हाय. आता कशाला जायचं?" त्यात तारीख डिसेंबरची. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातात, चिमणी आजीजवळ राहते. दवाखान्यात नेणार कोण?

जूनमध्ये मी त्यांच्यासोबत गेले. डॉक्टरांनी जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते.

झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक इकोत मोजतात. तो साधारण ३६ च्या आत असेल तर दोष सौम्य, ६४ च्या वर गेला तर तीव्र. तान्ह्या बाळात हा दोष झपाट्याने वाढू शकतो, म्हणून पहिल्या वर्षी तपासण्या जवळजवळच्या असतात. त्यानंतर सौम्य दोष बहुतेक मुलांत सौम्यच राहतो. अशी मुलं सगळ्यांसारखी खेळू शकतात.

फुग्याचा उपचार १९८२ पासून होतोय आणि त्याचा गुण टिकतो. पण मोकळी केलेली झडप पुढे गळू शकते. थोडं रक्त मागे येतं, उजवा कप्पा हळूहळू मोठा होत जातो. मूल मात्र वर्षानुवर्षं काहीच तक्रार करत नाही. काहींची झडप पुन्हा अरुंद होते, तर काहींना मोठेपणी नवी झडप बसवावी लागते. ते वेळेत कळायचं तर त्रास नसतानाही इको करायची, आणि ही तपासणी आयुष्यभराची.

म्हणजे घरच्यांना वाटत होतं, सगळं संपलं. मला वाटत होतं, पोर काचेची आहे. दोघंही चुकलो होतो. घरच्यांची चूक निदान गरिबीतून झाली होती. मी मात्र डॉक्टरांना न विचारता एका मुलीचं खेळणं बंद केलं होतं.

चिमणीच्या झडपेची गळती किरकोळ निघाली, दाब २० च्या आसपास. डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहून दिलं, "खेळायला हरकत नाही." पुढची तारीख आम्ही जूनचीच मागून घेतली, म्हणजे घरचे गावात असताना. ती मी शाळेच्या आरोग्य नोंदीतही लिहिली. ती पाचवीला दुसऱ्या शाळेत जाईल, तेव्हा दाखल्यासोबत एक चिठ्ठीही देणार आहे.

तुमच्या वर्गातही असं मूल असेल, तर पालकांना दोनच प्रश्न विचारा. खेळण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले? आणि पुढची तारीख कधीची आहे?

चिमणी आता खो-खोत असते. चपला ज्याच्या त्याने सांभाळायच्या, असा नवा नियम केलाय.