कमावलेली कातडी

मराठीत चामडे 'तयार' होत नाही, ते कमावले जाते. शरीर कमावावे, पुण्य कमवावे, नाव कमवावे आणि कातडेही कमवावे. क्रियापदाच्या मुळाशी श्रम आहेत आणि श्रमांती हाती येणारे काहीतरी टिकाऊ आहे. मेलेल्या जनावराचे ओले कातडे दोन दिवसांत सडू लागते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे मुरवले की त्यांतला तुरट अंश कातड्यातील तंतूंना घट्ट धरून ठेवतो आणि सडणे थांबते. आज बहुतेक ठिकाणी हे काम क्रोमियमचे क्षार थोड्या तासांत करतात. पद्धत कोणतीही असो, जे नाशवंत होते ते टिकाऊ झाले, एवढ्या अर्थाने 'कमावणे' हा शब्द अगदी नेमका आहे. प्रश्न एवढाच, की कमावले कोणी आणि कमाई कोणाची झाली?

शब्दाची ही वाट मला दिसली ती एका अगदी व्यावहारिक निमित्ताने. मोटारसायकल चालवताना घालण्यासाठी चामड्याचे जॅकेट घ्यावे असे मी गेल्या हिवाळ्यात ठरवले. वय शेहेचाळीस. राहणे बदलापुरात, नोकरी उल्हासनगरच्या महाविद्यालयात. मधले दहा-बारा किलोमीटर लोकलने जाणाऱ्याला सकाळच्या गर्दीविषयी वेगळे सांगायला नको. मी मोटारसायकलने जातो. रविवारी जमले तर बारवी धरणावरून मुरबाडकडे आणि पुढे माळशेज घाटापर्यंतही. मराठ्यांच्या स्वाऱ्या सुरतेकडे जाताना येथे घोडे बदलत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, गाव स्वारांचे आहे एवढे खरे. रोज सकाळी कल्याण-बदलापूर रस्त्यावर दुचाकींची जी फौज निघते, तिच्या अंगावर मात्र सुती शर्टापलीकडे काही नसते.

त्या फौजेतला एक जण माझा विद्यार्थी. द्वितीय वर्ष कला, राहणार उल्हासनगर कॅम्प पाच. १९४९ साली फाळणीग्रस्त सिंधी कुटुंबांच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, आणि पुढे या शहराने देशभरासाठी जीन्स शिवल्या. या मुलाच्या घरीही दोन शिलाई यंत्रे आहेत आणि त्यांवर दिवसभर डेनिमच चालते. चिखलोलीजवळ रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून त्याची गाडी घसरली. वेग फार नव्हता. मोडले काहीच नाही. परंतु उजव्या मांडीवरची जीन्स आणि तिच्याखालची कातडी, दोन्ही रस्त्याने खरवडून नेली. कोपराचे तर मांसच उघडे पडले होते. डॉक्टरांनी डाव्या मांडीची पातळ कातडी काढून कोपरावर लावली. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, घरी फाटलेल्या जीन्सला आम्ही ठिगळ लावतो ना, तसंच लावलंय." उपमा वर्गात कधी न देणाऱ्या मुलाने ती अशी सहज दिली. मला त्यावर काही बोलता आले नाही.

साध्या डेनिमचे असे का होते याचे उत्तर काव्यात नाही, प्रयोगशाळेत आहे. युरोपातील एका जुन्या मानकानुसार कपड्याचा तुकडा सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर टाकत आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते मोजत. खांदा, कोपर, गुडघा, नितंब या आपटणाऱ्या जागी कपडा निदान चार सेकंद टिकला तर पहिली पातळी, सात सेकंद टिकला तर दुसरी. एकेरी डेनिम या पट्ट्यावर धड सेकंदभरही तग धरत नाही. सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचे चांगले कातडे मात्र चार सेकंद सहज ओलांडते. २०२० पासून तेथे नवे मानक आहे आणि त्यात 'एएए'पासून 'सी'पर्यंत श्रेणी आहेत. परीक्षेची रीत बदलली, प्रश्न तोच राहिला. घसरणारे शरीर थांबेपर्यंतचे तीन-चार सेकंद कोणीतरी झिजायचे असते. तुमची कातडी, नाहीतर दुसऱ्या कोणाची तरी.

झिजणे वेगळे आणि आपटणे वेगळे, हेही येथेच सांगितले पाहिजे. कातडे घर्षण सोसते, आघात सोसत नाही. त्यासाठी खांदे, कोपरे आणि पाठ येथे वेगळ्या गाद्या बसवाव्या लागतात. त्यांच्याही दोन पातळ्या असतात. कोपराच्या गादीतून आरपार जाणारा सरासरी आघात पहिल्या पातळीत पस्तीस किलोन्यूटनपर्यंत चालतो, दुसऱ्या पातळीत वीसपर्यंतच. बाजारातील बऱ्याच जॅकेटांत पाठीच्या जागी नुसता फोमचा तुकडा असतो, तो काढून खरी गादी घालावी लागते. महाभारतकारांना हा भेद सुचला नव्हता. कर्णाचे कवच अंगाबरोबरच जन्मले होते. ते कापून इंद्राला दिले म्हणून तो 'वैकर्तन' झाला. आपण सारे उलट्या क्रमाने जातो. उघड्या अंगाने जन्मतो आणि कवच नंतर विकत घेतो, तेही परवडले तर.

चामडी जॅकेटाची प्रतिमा आपल्याकडे आली ती मात्र संरक्षणाच्या वाटेने आली नाही. न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी १९२८ साली मोटारसायकलस्वारांसाठी तिरप्या चेनचे जॅकेट काढले. तिरपी चेन कशासाठी, तर पुढे वाकून बसल्यावर पोटाला टोचू नये आणि वारा आत शिरू नये. १९५३ च्या 'द वाइल्ड वन'मध्ये मार्लन ब्रँडोने तसले जॅकेट घातले आणि ते बंडखोरीचे चिन्ह झाले. हिंदी सिनेमाने चिन्ह घेतले, प्रयोजन सोडले. म्हणून आजही दुकानात 'लेदर जॅकेट' मागितले की मेंढीच्या पातळ, मऊ कातड्याचे, मिलिमीटरभरही जाड नसलेले जॅकेट पुढे येते. ते मिरवायला उत्तम. रस्त्याशी गाठ पडली तर कागद. कायद्याचेही तसेच. टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात गेले, त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते, आणि केर्न्स यांच्या पुढील अभ्यासातून शिरस्त्राणाचे महत्त्व जगाला पटले. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ त्याच परंपरेतले. पण ते डोक्यापाशी थांबते. मानेखालचा देह ज्याचा त्याने सांभाळायचा.

घरी विषय काढला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "कोणाचं आहे?" म्हणजे कोणत्या जनावराचे. ती माळकरी आहे. चामड्याचा पट्टा देवघरापर्यंत येऊ नये हा तिचा दंडक आम्ही लहानपणापासून पाळत आलो. मी म्हणालो, "म्हशीचं." २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली, तेव्हापासून येथल्या चामड्याच्या धंद्यात हे उत्तर अधिकच सोयीचे झाले आहे. म्हशीचे कातडे जाड, भरड आणि चिवट असते. दिसायला गाईच्या कातड्याइतके तलम नाही, पण झिजायला कमी नाही. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाहेरच्या खुंटीवर ठेव." कोणत्या जनावराचे, हा प्रश्न आमच्या घरात पिढ्यानपिढ्या विचारला गेला. कोणत्या माणसाच्या हातचे, हा प्रश्न मात्र विचारावाच लागत नसे. त्याचे उत्तर गावाच्या नकाशातच लिहिलेले होते.

तो नकाशा ज्यांना पाठ आहे असे एक सहकारी आमच्या विभागात आहेत. त्यांचे आजोबा सातारा जिल्ह्यातील एका गावी मोटा शिवत. विहिरीवर इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली, मोटेबरोबर आजोबांचे बलुतेही गेले. घरात आजोबांची रापी आणि आरी अजून आहे. आजोबांविषयी बोलताना मात्र ते पहिल्यांदा वासाविषयी बोलतात. मी त्यांना विचारले, "सर, जॅकेट घ्यायला याल का?" ते स्वतः मोटारसायकलच चालवतात, पण त्यांचे जॅकेट कापडी, जाड नायलॉनचे. "येईन की," ते म्हणाले. "पण मी घालणार नाही. तीन पिढ्या आम्ही हा वास अंगावरून धुतोय. तुम्हाला तो विकत घ्यावासा वाटतो, घ्या."

आम्ही धारावीला गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे तमिळ भागातून आलेल्यांनी चामडे कमावण्याचे कारखाने उभारले. आता कमावलेले कातडे बहुतेक चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येते आणि येथे कापून शिवले जाते. दुकानदाराने काढलेले पहिले जॅकेट सरांनी अंगठ्याने दाबले, दुमडले, ताणले. "ही पाठ नाही, पोट आहे," ते म्हणाले. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट विणीचे असते; पोटाकडचे सैल, ताणले की ताणलेलेच राहते. दुसऱ्या जॅकेटाची आतली कड उलटून त्यांनी दाखवली. वरचा थर काढून घेतलेल्या खालच्या थरावर प्लास्टिकचा मुलामा दिला होता. दोन पावसाळ्यांत पोपडे निघणार. तिसऱ्याच्या कोपरावर शोभेसाठी चार तुकडे जोडलेले. "जोड तिथे तोड," सर म्हणाले. आपटणाऱ्या जागी अखंड तुकडा हवा, शिवण दुहेरी हवी आणि तिची एक रांग तरी आत दडलेली हवी, म्हणजे बाहेरची झिजली तरी आतली धरून ठेवील. चौथे जॅकेट घालून मला त्यांनी स्टुलावर बसवले, हात हँडलवर ठेवल्यासारखे पुढे करायला लावले आणि कोपराची गादी धरून फिरवून पाहिली. उभ्याने नीट बसणारे जॅकेट गाडीवर बसल्यावर मनगट उघडे टाकते. आणि गादी सरकली तर ती असून नसल्यासारखीच. दुकानदार शेवटी हिंदीत म्हणाला, "साहब खानदानी दिखते हैं." सर हसले नाहीत.

परतीच्या लोकलमध्ये ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "हे मला कोणी शिकवलं नाही हो. आजोबांच्या शेजारी बसून हाताला कळलंय. ते हातातून जावं म्हणून तर एम.ए. केलं." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा, असे १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितले. त्या सोडण्यातच प्रतिष्ठा होती, कारण काम आणि अपमान एकमेकांपासून वेगळे काढता येत नव्हते. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले गेले, तेव्हा ते अजूनही वेगळे निघालेले नाहीत हे साऱ्या देशाने पाहिले. दुसरीकडे त्याच कातड्याला भौगोलिक मानांकन मिळते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला ते मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन मंचावर प्राडाने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा आपण सर्वांनी 'आमची कोल्हापुरी' म्हणून कंठ काढला. वस्तू आमची म्हणायला आपण तत्पर असतो. हात आमचे म्हणायला इतकी घाई कोणी केल्याचे मला आठवत नाही.

'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायी घातले तरी उपकार फिटणार नाहीत,' असे आपण कृतज्ञतेच्या भरात म्हणतो. मराठी साहित्याच्या अध्यापकाने हा वाक्प्रचार जरा थांबून वाचावा. तो बोलणाऱ्याला स्वतःची कातडी सोलायची नसते आणि जोडे शिवायलाही येत नसतात. कल्पनेतसुद्धा ते काम दुसराच कोणीतरी करणार असतो.

पंधरा हजारांच्या आसपास गेले. जॅकेटाचे वजन साडेतीन किलो आहे. एप्रिल-मे महिन्यांत उल्हास खोऱ्यातल्या उकाड्यात ते घालणे म्हणजे शिक्षाच, पण पुढच्या बाजूला बारीक छिद्रे आहेत आणि गाडी चालती असेपर्यंत निभते. पावसाळ्यात त्याच्यावर रेनकोट चढवावा लागतो. भिजले तर सावलीत वाळवावे, उन्हात नाही, आणि कपाटात कोंडले तर आठ दिवसांत बुरशी धरते. म्हणजे बाहेरची खुंटीच त्याला मानवते. आईचे सोवळे आणि चामड्याचे आरोग्य यांचे येथे एकमत झाले आहे. विद्यार्थी आता बरा आहे. चामडे त्याला परवडणार नाही, म्हणून सरांनी त्याला आपल्यासारखेच कापडी जॅकेट आणि गुडघ्याच्या गाद्या घ्यायला लावल्या. निम्म्याहून कमी पैशांत काम झाले. चांगल्या गाद्यांचे कापडी जॅकेट हे पोटाच्या कातड्याच्या भपकेबाज जॅकेटापेक्षा केव्हाही बरे, हे त्यांनी त्याला पटवून दिले.

सर मला दर सोमवारी विचारतात, "तेल लावलंत का?" आणि मी लावले नसेल तर स्टाफरूममध्ये, खिडकीकडे पाठ करून, ते स्वतः कापसाच्या बोळ्याने कोपराच्या घडीत लावू लागतात.