मुक्काम पोस्ट शारजा

नववी संपत आली तेव्हा मुलीच्या शाळेतून एक फॉर्म घरी आला. पुढे कुठली शाखा घ्यायची याचा मुलांनी आतापासूनच विचार करावा, म्हणून शाळेच्या समुपदेशकांनी तो दिला होता. सर्वांत आवडता विषय कोणता, सर्वांत नावडता कोणता, आणि का. खाली पालकांची सही. आवडत्या विषयापुढे तिनं जीवशास्त्र लिहिलं होतं. कारणासाठी सोडलेल्या दोन ओळी तिला पुरल्या नव्हत्या, म्हणून कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या त्या दिवसाचं वर्णन समासातून वर चढत गेलं होतं. नावडत्या विषयापुढे होतं, अरबी. कारणाच्या जागी एकच वाक्य : माझे बाबा म्हणतात, याचा काही उपयोग नाही.

मी पेन हातात धरून बसून राहिलो.

वाक्य खरं होतं. मी तसं म्हणत होतो आणि आजकाल नाही, ती पहिलीत होती तेव्हापासून म्हणत होतो. संयुक्त अरब अमिरातीत खासगी शाळांतल्या अरबेतर मुलांनाही पहिली ते नववी अरबी शिकावीच लागते. शाळा सीबीएसईची असो की ब्रिटिश अभ्यासक्रमाची, यातून सुटका नाही. मी या नियमाकडे पार्किंगच्या पैशांसारखं बघत आलो. भरायचे आणि विसरायचे. तिला पहिल्यांदा अरबी अक्षरं गिरवायला दिली, तेव्हा ती वही घेऊन माझ्याकडे आली होती. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मधे दुसरं, शेवटी तिसरं, आणि सगळं उजवीकडून डावीकडे. तिला त्याची गंमत वाटत होती. मी म्हणालो, ‘पासापुरतं कर, आधी गणित काढ.’ त्या वेळी ती सहा वर्षांची होती. तिच्या चेहऱ्यावरची ती गंमत मला आज आठवते, आणि ती कोणी विझवली हेही.

मी वाई तालुक्यातला. २००८ साली शारजात आलो, एका व्यापारी कंपनीत हिशेबनीस म्हणून. इतकी वर्षं अरबीचा एक शब्द न शिकता काढली, आणि तेच मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून सांगायचो. ऑफिसात हिंदी, इंग्रजी आणि मल्याळम. खालचा बकालावाला, म्हणजे किराणावाला, केरळचा, टॅक्सीवाला पेशावरचा, शेजारी गुजराती. या देशात ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात आणि इथले मूळ नागरिक लोकसंख्येत दहात एक भरतील. मग अरबी बोलायची कोणाशी? शुक्रन, यल्ला, खलास, एवढ्यावर निभतं. खलास तर आपण घरूनच आणला होता, पण तेव्हा तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

आणखी एक युक्तिवाद होता, तो मला फार आवडायचा. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या हजाराहून अधिक फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मी लेकीला सांगायचो, महाराजांनी जे शब्द प्रयत्नपूर्वक बाहेर काढले ते आपण पैसे मोजून आत का आणायचे? हे मी आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सांगत होतो. ती दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्याच अरबीच्या तासाला बसायची.

बोलण्याइतकंच माझं वागणंही होतं. सहावीत अरबीचे गुण फारच घसरले तेव्हा शिकवणी लावली, पण शिकवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की पेपरात येतं तेवढंच घ्या. २०२२ पासून शारजाच्या शाळांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. त्यातली शुक्रवारची सकाळ या शिकवणीत जाई. उतारा पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, निबंधही पाठ. परीक्षा झाली की सगळं पुसलेलं. आठ वर्षं शिकून तिला दुकानात एखाद्या वस्तूची किंमत अरबीत विचारता येत नव्हती, आणि हेच मी मंडळींत हसत सांगायचो, बघा किती वाया जातंय म्हणून.

मुलांना विषय का आवडतात आणि का आवडत नाहीत, याचं मला एरवी बरंच कुतूहल आहे. आमच्या इमारतीतल्या चार मुलांना मी बरीच वर्षं सकाळी शाळेत सोडतो, आणि गाडीत मागच्या सीटवर हेच चाललेलं असतं. एकाला फिजिक्स नको झालंय, कारण वर्षाच्या मध्यात सर बदलले. आखातात हे फार होतं. शिक्षिकेच्या नवऱ्याची नोकरी गेली किंवा बदली झाली की बाई महिन्याभरात देश सोडतात. माझ्या मुलीला तीन वर्षांत गणिताला पाच जणी मिळाल्या. दुसऱ्या मुलाला हिंदी नकोशी, कारण घरी तमीळ. एकीला इतिहास आवडतो, पण ती ते आईसमोर बोलत नाही, कारण घरी ‘नीट’ परीक्षेची तयारी चालू आहे. मी गाडी चालवता चालवता मनात म्हणायचो, पोरांची आवडनिवड किती वरवरची, मोठ्यांच्या वाऱ्यावर हलणारी. माझ्या घरातला वारा कुठून येतो हे मात्र फॉर्म बघेपर्यंत कळलं नाही.

मी सही केली नाही. दोन दिवसांनी शाळेत पालकसभा होती.

दरवर्षी या सभेत गणित आणि विज्ञानाच्या टेबलांपुढे रांगा असतात. अरबीच्या बाई कोपऱ्यात, समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मी नऊ वर्षांत त्या खुर्चीवर एकदाही बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. बाई इजिप्तच्या, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या. मुलगी चांगली आहे, वाचन स्वच्छ आहे, पण बोलायला घाबरते, असं त्या इंग्रजीत म्हणाल्या. मला फॉर्मबद्दल सांगायचं होतं, धीर झाला नाही. मग त्यांनीच विचारलं, तुम्ही काय काम करता? मी म्हणालो, अकाउंटंट.

‘मुहासिब,’ त्या म्हणाल्या, आणि समोरच्या कागदाच्या पाठीवर तीन अक्षरं लिहिली. ह, स, ब. अरबीत बहुतेक शब्द अशा तीन अक्षरांच्या मुळातून फुटतात, हे त्या पालकाला नव्हे, विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगू लागल्या. याच मुळातून हिसाब, हिसाब करणारा तो मुहासिब, आणि अलीकडे कॉम्प्युटरला शब्द पाहिजे झाला तेव्हा याच मुळातून केला हासूब. मी म्हणालो, आमच्या भाषेत हिशेब. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हाला थोडी अरबी येतेच की.

हिशेब. ज्या शब्दावर मी पोट भरतो तो शब्द. वडिलांनी तो बोटांवर मोजत मला शिकवला, आजी बाजारातून आल्यावर पदराची गाठ सोडून तो द्यायची. तो कुठला आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत शिकलो होतो की मराठीत फारसीमार्गे पुष्कळ शब्द आले. पण ते माहीत असणं आणि तो शब्द ज्यांच्या घरचा आहे अशा बाईंनी समोर लिहून दाखवणं यांत फार अंतर आहे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी लेकीला तो कागद दाखवला. तिला मुळं माहीत होती. ‘आम्हाला शिकवलंय हे,’ ती सहज म्हणाली. तिला मुळं येत होती आणि मला शब्द, आणि नऊ वर्षांत ही दोन माणसं एका टेबलाशी बसली नव्हती.

माझे वडील तलाठी होते. दुसऱ्या दिवशी वाईला व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांना म्हटलं, तुमच्या दप्तरातले शब्द सांगत जा. त्यांना सांगायला काय, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी जिभेवर सगळं तसंच. मौजे, तालुका, तहसील, महसूल, दाखला, खारीज, बदली, मोबदला. लेक एकेक शब्द अरबी कोशात शोधत होती आणि मधेच ओरडत होती. तहसील आणि महसूल एकाच मुळाचे, मिळवण्या-गोळा करण्याचे. खारीज म्हणजे बाहेर गेलेला. रस्त्यावर आणि मॉलच्या दारांवर बाहेर पडण्याची जी पाटी असते, ती मखरज, तिचं मूळ तेच. बदल, बदली, मोबदला ही सख्खी भावंडं. अबुधाबीच्या सरकारी गुंतवणूक कंपनीचं नाव मुबादला. मी ते नाव बातम्यांत रोज वाचत होतो आणि त्यात आपला मोबदला मला ऐकू आला नव्हता. अमीर-उमराव हा जोडशब्द निघाला तेव्हा तिनं सांगितलं, आजोबा, ते एकच आहेत, एक अमीर, अनेक उमरा. त्यांनी थोडा वेळ काही न बोलता मान हलवली.

मी उत्साहात म्हणालो, मग इमारत आणि हा देश, अल-इमारात, हेही एकच. ‘नाही बाबा,’ ती म्हणाली. ‘इमारतीत ऐन आहे. अमीरात अलिफ. वेगळी मुळं.’ आपल्या कानाला दोन्ही सारखेच लागतात, कारण ऐन मराठीत येताना वाटेत गळून गेला. तिनं तो घशातून काढून दाखवला. माझ्या मुलीच्या घशात एक असा आवाज होता जो आमच्या घराण्यात आजवर कोणाच्याच नव्हता. पहिलीपासून तिनं तो कमावला होता, आणि मी तो कधी ऐकायला मागितला नव्हता.

मग तो शब्द आला. पत्ता लिहिताना आपण मु. पो. लिहितो. मुक्काम पोस्ट. मुक्कामाचं मूळ क-व-म, उभं राहणं, थांबणं. कायम हाही त्यातलाच. आणि आमच्या पासपोर्टात २०२२ पर्यंत रहिवासाचं जे स्टिकर चिकटवत, ज्याच्या मुदतीवर आमची नोकरी, घरभाडं, मुलांची शाळा, सगळं टांगलेलं असे, त्यावर अरबीत लिहिलेलं असायचं, इकामा. त्याच मुळाचा शब्द. तो वाचता येत नसल्यामुळे मी दर नूतनीकरणाला फक्त तारीख बघत आलो.

कागद पुढ्यात असताना मला दुसरीच गोष्ट बोचू लागली. २०२० साली महाराष्ट्रात सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, तेव्हा मी इथल्या मराठी मित्रांत हिरिरीनं त्याची बाजू मांडली होती. मुंबईत तीस-तीस वर्षं राहून ज्यांना मराठीत दोन वाक्यं बोलता येत नाहीत, ‘काय उपयोग’ म्हणून जे मुलांना मराठीच्या तासाला नाक मुरडायला शिकवतात, त्यांच्याबद्दल मी जे बोललो ते सगळं मला आठवतं. त्यातला शब्द न् शब्द मला लागू होता. फरक आहे, तो मी नाकारत नाही. मुंबईत येणारा माणूस त्या देशाचा नागरिक असतो, त्याला तिथे कायमचं राहता येतं. इथे नोकरी संपली की इकामा संपतो, आणि मुलं अठरा-वीस वर्षं वाढतात त्या गावाला आपलं म्हणायची सोय नसते. जी भाषा पुढेमागे आपल्याला ठेवून घेणार नाही, तिच्यासाठी जीव का टाकावा, हे म्हणणं मला आजही समजतं. पण मी मुलीला ‘टाकू नकोस’ एवढंच सांगितलं नव्हतं. मी तिला तुच्छता शिकवली होती. आणि राज्यव्यवहारकोशाचा दाखला देताना एवढंही माझ्या ध्यानात आलं नव्हतं की तो कोश करणाऱ्याला प्रत्येक जुना शब्द मुळापासून ठाऊक असावा लागला. रघुनाथपंतांनी अज्ञानातून काही वगळलं नाही.

मुलीला अरबी एकाएकी आवडू लागली असं झालं नाही. फॉर्मवर तिनं नावडता विषय तोच ठेवला. कारण मात्र खोडलं आणि लिहिलं, आम्ही नऊ वर्षं पाठ केलं, बोललो कधीच नाही. हे तिचं स्वतःचं कारण होतं, आणि मला ते पटलं. मी सही केली. दहावीत अरबी सक्तीची नाही, तिनं सोडली. जीवशास्त्र अजून पहिलं आहे, पुढेही तेच राहील असं दिसतं. मी तिला अरबी चालू ठेव म्हणालो नाही. नऊ वर्षं तिच्या नावडीला खतपाणी घातल्यावर आता आवडीचा आग्रह धरायचा हक्क मला नव्हता.

तिची पहिलीची, दुसरीची पुस्तकं माळ्यावरच्या खोक्यात होती. ती मी खाली काढली. आता शुक्रवारी सकाळी मी ती घेऊन बसतो. अठ्ठावीस अक्षरांपैकी बावीस ओळखू येतात, तीन जोड्या अजून एकमेकींत मिसळतात. ती नाश्ता करता करता ऐकते.

‘इमारत,’ मी वाचतो.

‘ऐन नाही आला, बाबा. परत.’