थांबा, अजून एक!

बीटल्सची १९६९ ची ‘ॲबी रोड’ ही तबकडी म्हणजे आमच्या दादाचा जीव की प्राण. दुसऱ्या बाजूचे ‘दि एंड’ संपले, की ‘‘झाला एकदाचा धिंगाणा!’’ म्हणत अण्णा सुई उचलायला धावत. दादा ओरडे, ‘‘अण्णा, थांबा!’’ कारण काही क्षणांच्या शांततेनंतर २३ सेकंदांचे एक चिमुकले गाणे येई. सुरुवातीच्या वेष्टनांवर त्याचे नावसुद्धा नव्हते.

पुढे दादा परदेशी गेला. पत्रे विरळ झाली. एका दिवाळीला अण्णांनी स्वतःच ती तबकडी लावली. ‘दि एंड’ संपले. मी सुई उचलायला उठलो, तोच माझा हात धरून अण्णा हळूच म्हणाले, ‘‘थांब रे. संपलंसं वाटतं; पण अजून एक यायचं असतं.’’