तीस रकाने

18 जून, राजूर

बदली पोर्टलवर माझं नाव ‘बदली अधिकारप्राप्त’ यादीत आलंय. शिक्षकांच्या भाषेत संवर्ग तीन. अवघड क्षेत्रातल्या शाळेत सलग तीन वर्षं काढली की हा अधिकार मिळतो. माझी ती वर्षं कधीच उलटली, पण मागच्या फेरीत मी अर्ज केला नव्हता. अधिकार आहे, सक्ती नाही. हवी असेल तर मागा, नाहीतर आहात तिथं राहा. सक्ती असती तर बरं झालं असतं, असं आज दिवसभर वाटत होतं. सक्तीच्या बदलीत माणूस चार दिवस सरकारला शिव्या घालतो, पाचव्या दिवशी सामान बांधतो. इथं शिव्या घालायला कुणी नाही.

पर्याय कमीत कमी एक, जास्तीत जास्त तीस. तीस शाळांची नावं पसंतीच्या क्रमाने. घरात दुसरा एक अर्जही चालू आहे. मुलीची अकरावी. ते प्रवेशही आता सगळ्या राज्यात ऑनलाइन, आणि तिला दहा कॉलेजांचे पर्याय. रात्री दोघी दोन टोकांना मोबाइल धरून बसलो होतो. हे म्हणाले, “मला कुणी रकाने देत नाही, ते बरंय.”

21 जून

सकाळपासून संततधार. शाळेच्या वाडीकडे जाताना ओढ्यावर थांबावं लागलं. पोरं पलीकडून हाका मारत होती, अंगावर खताच्या गोणीचा घोंगता. पाणी उतरल्यावर अकराला शाळा भरली. आठवडाभरात कपडे वाळलेले नाहीत. वर्गात ओल्या कपड्यांचा आणि चुलीच्या धुराचा एकत्र वास असतो, तो आता माझ्या पर्सलाही येतो.

गाव अवघड क्षेत्रात यायचं तर सात निकषांपैकी तीन बसावे लागतात. पेसाखालचा आदिवासी किंवा नक्षलग्रस्त भाग, वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस, हिंस्र श्वापदं, वाहतुकीची सोय नसणं, डोंगरी प्रदेश, महामार्गापासून दहा किलोमीटरपेक्षा दूर, आणि ‘संवादछायेचा प्रदेश’. म्हणजे जिथं मोबाइलला रेंज नाही तो. आमची वाडी यातल्या बऱ्याच रकान्यांत बसते. रेंजसाठी शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागतं. पोर्टलचा ओटीपी शाळेत येत नाही, त्यामुळे बदलीचं जे काही करायचं ते संध्याकाळी राजूरला आल्यावर.

24 जून

आज राजूरचा बाजार. पावसातही माणूस मावत नव्हतं. घरमालकीण बाजारातच भेटल्या. विचारलंच त्यांनी, “मॅडम, यंदा खोल्या खाली करताय का?” रागावण्यात अर्थ नाही. राजूर हे बदलीवाल्यांचं गाव आहे. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय इथं, पोलीस ठाणं, दवाखाना, बँका, शाळा-कॉलेज इथं. दर जूनला कुणाचा तरी टेम्पो भरतो, कुणाचा तरी रिकामा होतो. भाड्याच्या खोल्यांच्या भिंतींवर आधीच्या पोरांची उंची मोजलेल्या रेघा आहेत. आमच्याही स्वयंपाकघरात कुठल्याशा साहेबांच्या मुलाच्या चार आहेत.

काही जण येतानाच परतीची तारीख मनात धरून येतात. काही येतच नाहीत. अकोले-संगमनेरहून अप-डाउन करतात आणि मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मात्र फायलीला लावतात. आणि काही आमच्यासारखे. तीन वर्षं म्हणून आले, आणि मुलगी इथंच दहावी झाली. तिला आपण कुठल्या गावच्या असं विचारलं तर ती ‘राजूर’ म्हणते. हे जामखेडचे, मी पारनेरची, आणि हिचं गावच तिसरं!

27 जून

दुपारच्या सुट्टीत सहशिक्षकांनी मला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या. त्यांची यादी तयार आहे. पहिले बारा पर्याय संगमनेर शहराच्या आसपासचे, मग राहाता, मग श्रीरामपूर, शेवटी अकोल्याच्या खालच्या अंगाची गावं. “मॅडम, तीसच्या तीस भरा. रकाना मोकळा सोडणं म्हणजे मतदानाला न जाणं.” संगमनेर सगळ्यांनाच हवंय. दवाखाने, क्लासेस, पुण्या-नाशिकचा हमरस्ता. पण सेवाज्येष्ठतेने जागा सुटतात, आणि तिथल्या जागांवर माझ्याहून ज्येष्ठ कितीतरी डोळा ठेवून असणार.

ते एकस्तरचंही बोलले. आदिवासी भागात काम करतो तोवर आपल्याला वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. खाली उतरलं की ती जाते. मी कागदावर मांडून पाहिलं. घराच्या कर्जाचा हप्ता जवळपास त्याच रकमेचा आहे.

28 जून

रात्री सासूबाईंचा फोन. जामखेड तालुक्यातल्या घरी त्या एकट्याच असतात, दीर भोसरीला. गुडघे गेलेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय. “काय करायलीस?” म्हणाल्या. पाऊस पडतोय म्हटलं. तिकडून थोडा वेळ काही नाही, मग, “आमच्याकडं अजून टँकरच येतुय.”

एकच जिल्हा. 17,048 चौरस किलोमीटर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, चौदा तालुके. पश्चिमेच्या टोकाला कळसूबाई, घाटघर, भंडारदरा. आग्नेयेच्या टोकाला जामखेड, पलीकडे लगेच बीड. इथून सकाळी निघालं तर अकोले, संगमनेर, नगर करत जामखेडला पोचेपर्यंत संध्याकाळ. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि कागदावर ती ‘जिल्ह्यांतर्गत’ बदली.

माझ्या मनात एक गोष्ट आज पहिल्यांदा नीट बसली. आपल्या निकषांत पाऊस जास्त झाला तर गाव अवघड होतं. पाऊस झालाच नाही तर होत नाही. सासूबाईंच्या गावाला डांबरी रस्ता आहे, एसटी आहे, रेंज तर घरात बसून व्हिडिओ कॉल होईल इतकी आहे. डोंगर नाही, बिबट्या नाही. गाव सुगम. मार्चपासून हंड्यांच्या रांगा लागतात त्या कुठल्याच रकान्यात मोजल्या जात नाहीत.

1 जुलै

सासूबाईंना इकडेच आणावं हा सोपा उपाय आम्ही करून पाहिलेला आहे. त्या श्रावणात आल्या होत्या. पहिले दोन दिवस हिरवळ बघून हरखल्या, रंध्याचा धबधबा बघून हात जोडले. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “आभाळ कधी दिसतंय तुमच्यात?” लुगडी वाळेनात, गुडघे धरले, शेजारणीशी बोलायला अंगणात बसता येईना. राजूरचे पेढे बांधून घेतले आणि गेल्या. त्यांना बोलावण्यात आपलीच सोय असते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

ह्यांच्या धंद्याचाही हिशेब काढला. मोटर रिवाइंडिंगचं दुकान. इथं भाताच्या चार महिन्यांत कुणाला मोटर लागत नाही, दुकानात उंदीर आणि हे. जामखेड भागात उलट. पाचशे-सहाशे फुटांची बोअर, पाणी खाली गेलं की मोटर कोरडी फिरते आणि जळते; व्होल्टेज कमी, तरी जळते. ह्यांचा तिथला मित्र उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत तांब्याची तार गुंडाळत बसतो. दुष्काळी तालुक्यात आमच्या घरात पैसा जास्त येईल, असं निघालं. हे गप्पच झाले. म्हणाले, “हे गणित आईला सांगू नकोस.”

4 जुलै

आवणी सुरू झाली. पटावर एकोणीस, वर्गात सात. बाकीची चिखलात. पोरांना शाळेत आणायला मी बांधापर्यंत गेले, तर एका आजीने मुठीतली रोपं माझ्याच हातात दिली. इंद्रायणी लावत होते. एका कोपऱ्यात घरच्यापुरता काळभात. ओळ सरळ येते का ते बघून हसल्या सगळ्या. तिसरीतली एक पोरगी शेजारून विचारते, “बाई, तू जाणार हाय का?” वाडीला रेंज नाही, पण बातमी पोचते.

इथली माणसं दिवाळीनंतर नारायणगाव-आळेफाट्याकडे मजुरीला उतरतात, पोरं पाठोपाठ. जामखेड-पाथर्डीकडे कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. तिथं मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं चालवावी लागतात. तेव्हा तिकडे गेले म्हणून भरलेला वर्ग मिळेल असं नाही. हजेरीपटावरच्या गैरहजेरीचा महिना तेवढा बदलेल.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष संध्याकाळी ओढ्यापर्यंत सोडायला आले. थांबा म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुमची जागा रिकामी नका ठेवू म्हणावं त्यांना.” माझं जाणं त्यांनी धरूनच ठेवलंय. त्यांना काळजी आहे ती नंतरची. अवघड क्षेत्रातल्या रिकाम्या जागा सगळ्यात शेवटच्या टप्प्यात भरतात. कोण येईल, कधी येईल, येईल का, हे वाडीने पाहिलेलं आहे.

8 जुलै

मुलीने तिचा निर्णय आमच्याआधी लावला. दहापैकी पहिला पर्याय राजूरच्याच कॉलेजचा, सायन्स. दुसरा संगमनेर. मी म्हटलं, जामखेड? ती म्हणाली, “तुमचं ठरलं नाही तर मी माझं का बिघडवू?” उद्धट वाटलं, पण बरोबर आहे. आमची बदली झाली तर दोन वर्षं होस्टेलला राहीन म्हणते. ह्यांना ते पटलेलं नाही. जेवताना कुणी बोललं नाही.

11 जुलै

सुट्टी घेऊन जामखेडला जाऊन आलो. घरापासून स्कूटीवर जाता येईल अशा शाळा बघायच्या होत्या. पाच निघाल्या. एकीच्या मैदानात टँकर रिकामा करायची टाकी आहे. एका शाळेतल्या बाई चौंडीच्या रस्त्यापर्यंत आमच्याबरोबर आल्या, अहिल्याबाईंचं जन्मगाव दाखवते म्हणाल्या. जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं तेव्हापासून पाहुण्यांना तिथं नेल्याशिवाय सोडत नाहीत. आभाळ भरून आलं होतं. पडला नाही.

आईंना आम्ही कशाला आलो ते सांगितलं नव्हतं. निघताना त्याच म्हणाल्या, “माझ्यासाठी म्हणून येऊ नका. उद्या मी गेले की मला दोष द्याल.” ह्यांना काही सुचेना. मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही, मोटरींसाठी येतोय. हसल्या. तसंही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिवाळीच्या सुट्टीत घ्यायची एवढं पक्कं झालं. बदली होवो न होवो.

14 जुलै

सहशिक्षकांना माझी यादी ऐकून धक्का बसला. पाचच नावं? संगमनेरचं एकही नाही? त्यांना सांगितलं ते इथं लिहून ठेवते. मला अवघडातून सुटायचं नाहीये. मला तिकडे जायचंय, आणि ते नाही जमलं तर मी इथं बरी आहे. संगमनेरला आमचं कुणी नाही. तिथून आई दूरच, वाडीही दूर, एकस्तर गेलेलं आणि घरभाडं दुप्पट. ‘सुगम’ हा शब्द ऐकायला गोड आहे, पण तो रस्त्याला लागू आहे, घराला नाही. तीस रकाने दिले म्हणून तीस ठिकाणी जायची इच्छा तयार होत नाही.

ह्यांनी एकदाच विचारलं, मिळालं तर खरंच जायचं ना? जायचं. मुलगी मग राजूरलाच राहील, घरमालकिणीकडे. त्या हो म्हणाल्यात, आणि जेवणासकट किती ते उद्या सांगणार आहेत.

15 जुलै

रात्री सव्वानऊला राजूरच्या घरातून अर्ज दाखल केला. ओटीपी दुसऱ्यांदा मागवावा लागला. पाच शाळा, सगळ्या जामखेड तालुक्यातल्या. पंचवीस रकाने मोकळे. प्रिंट काढून फायलीला लावली.

निकष पुढच्या वेळी बदलतील तेव्हा बदलतील. ते ठरवणाऱ्यांनी सातात आठवा एक जरूर घालावा: उन्हाळ्यात गावाला टँकर किती महिने येतो. आमचा जिल्हा दोन्ही टोकांनी अवघड आहे.