तळ राखताना

लोच पाळायचा तर आधी टाकीचा तळ पाळावा लागतो. बाकीचे मासे पाण्यात राहतात, हा तळावर राहतो. तोंड खालच्या बाजूला, तोंडाभोवती मिशांच्या जोड्या, आणि त्या मिशांनी तो रेती चाचपत फिरतो. खडी टोकदार असली की मिशा झिजतात, झिजल्या जागी जखम होते आणि मासा खाणं सोडतो. म्हणून रेती बारीक हवी, गोल कणांची हवी आणि स्वच्छ हवी. दुकानातली निळी-गुलाबी खडी कितीही छान दिसली तरी लोचच्या घरात ती नको, याबद्दल माझं मत ठाम आहे.

तळाकडे बघायची सवय मला बावखलाने लावली. निर्मळजवळ आजोबांची वाडी होती. केळी, जास्वंद, कडेला माड, आणि मध्ये बावखल. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीत खणलेलं उथळ तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरींना गोडं ठेवायचं. समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरी खाऱ्या झाल्या नाहीत, त्यात बावखलांचा वाटा मोठा होता. पूर्वी त्यावर रहाट असे; माझ्या आठवणीत पंप आहे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी गुडघ्याएवढं उरलं की मोठी माणसं मासे धरत. मला मात्र टोपलीत कधीच न पडणारा एक मासा आवडायचा. बोटभर लांब, अंगावर काळसर ठिपक्यांची रांग. पाऊल जवळ नेलं की गाळात शिरायचा आणि डोळे तेवढे वर ठेवायचा. खाण्याजोगा नव्हता म्हणून आजी त्याला परत सोडायची. घरात त्याला वेगळं नावसुद्धा नव्हतं, ‘गाळातला’ एवढंच म्हणत.

मग शाळेची सहल तारापोरवाला मत्स्यालयात गेली. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली उघडलं आणि मुंबईच्या आसपासच्या कितीतरी पिढ्यांनी जिवंत मासा काचेआड पहिल्यांदा तिथेच पाहिला. सगळी मुलं कासवापुढे गर्दी करून होती. मी प्रत्येक टाकीचा खालचा कोपरा शोधत होते. काचेमुळे तळ बाजूने दिसतो, ही त्या दिवशीची माझी मोठी कमाई. बावखलात तो नेहमी वरूनच दिसायचा.

स्वतःची टाकी आली ती लग्नानंतर, विरारच्या फ्लॅटमध्ये. मासे कुर्ल्याच्या बाजारातून आणले. प्राणवायू भरलेली फुगीर पिशवी घेऊन दादरला विरार लोकलच्या लेडीज डब्यात चढणं सोपं नाही, पण त्या गर्दीत बायकांनी पिशवीसाठी जागा केली. एकीने बोरिवलीपर्यंत ती मांडीवर घेतली. पिशवीत झेब्रा लोच होते: पिवळसर अंग, त्यावर गडद बारीक उभे पट्टे, पूर्ण वाढले तरी बोटाएवढेच. हा मासा एकटा ठेवू नये. पाच-सहा जण असले तरच तो मोकळा वागतो. आपसात ढकलाढकली करून कोण मोठा ते ठरवतो, आणि खाणं आलं की टकटक असा बारीक आवाज करतो. काचेला कान लावला तर तो ऐकू येतो. डोळ्याखाली त्याला लपवलेला काटा असतो, तो जाळीत अडकतो, म्हणून लोच जाळीने न काढता वाटीने काढावा. शिवाय हे मासे कुशीवर पडून झोपतात. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हळहळल्या, “अगं, गेला गं बिचारा!” मी म्हटलं, “आई, झोपलाय तो.” त्यानंतर रोज सकाळी देवपूजा झाली की त्या आधी टाकीपाशी जाऊन सगळे उठले का ते बघत.

खरं काम पाण्याचं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर, रेतीच्या कणांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदलून कमी करायचं. ही जिवाणूंची वस्ती बसायला काही आठवडे लागतात. तोवर टाकी कितीही नितळ दिसली तरी ती राहण्याजोगी नसते. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने हीच वस्ती मरते, म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपोचे चार खडे पुरतात. आठवड्याला पाव टाकी पाणी पाइपने ओढून काढायचं, तेही तळातून, कारण घाण तिथेच बसते.

विरारमध्ये यात एक जास्तीची अडचण असते: पाणी एकच नसतं. नळाला सूर्या धरणाचं पाणी, मे महिन्यात टँकर, कधी बोअरिंग. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं ते सांगता येत नाही. एकदम जड, क्षारांचं पाणी टाकीत गेलं की सगळ्यात आधी लोच आजारी पडतात. त्यांचे खवले इतके बारीक असतात की नसल्यासारखेच. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांना लवकर धरतो आणि बाजारातली औषधंही त्यांना जास्त बाधतात, म्हणून मात्रा कमी ठेवावी लागते. मी टँकरचं पाणी पिंपात ठेवून थोडं थोडं, दिवसभरात मिसळते. उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. तेव्हा झाकण काढून टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडते. बाष्प उडतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. आमच्या पाहुण्यांना हे जरा अतीच वाटतं. मला नाही वाटत. काचेत कोंडलेल्या जिवाला दुसरीकडे जायची वाट नसते, ती सोय आपणच करायची असते.

दुसऱ्या छोट्या टाकीत मामांच्या शेतातले काटेरी लोच होते. पारोळच्या बाजूला त्यांचं भातशेत. पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येणारे, मासे चढू लागले की शेताच्या वाहाळात हे लोचही सापडत. बावखलातला माझा ‘गाळातला’ हाच, हे मला तेव्हा कळलं. त्याचं शास्त्रीय नाव लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस. १८४६ साली त्याचं वर्णन झालं ते श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीजवळच्या उष्ण झऱ्यांतल्या माशावरून. तानसाकाठच्या वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांत पाय बुडवून बसलेल्या माणसाला हे नाव लगेच जवळचं वाटतं.

जुलै २०१८च्या पुरात वसई-विरारमध्ये पाणी तुंबलं आणि वीज गेली. पंप बंद, फिल्टर बंद. मोठ्या टाकीचं पाणी आम्ही सगळे आळीपाळीने तांब्याने उचलून वरून सोडत होतो. रात्री सासूबाईही बसल्या. काटेरी लोचांची मात्र स्वतःची सोय होती. ते सरळ वर येत, हवेचा घोट घेत आणि खाली जात. ही हवा त्यांच्या आतड्यात जाते, आतड्याच्या भिंतीतून प्राणवायू रक्तात शोषला जातो आणि उरलेली हवा मागून बुडबुडा होऊन निघते. आटत्या डबक्यात, सडक्या चिखलात ते टिकतात ते यामुळे. त्यांचा युरोपातला भाऊबंद हवेचा दाब उतरला की अस्वस्थ होतो, म्हणून तिथे लोक वादळाची चाहूल घ्यायला त्याला बरणीत पाळत.

त्या पुरानंतर मी या माशांबद्दल वाचू लागले. कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांची यादी १८३९ साली छापली, तिच्यात मराठी कोळ्यांकडून ऐकलेलं ‘मुरे’ हे नाव त्याने एका लोचला तसंच ठेवलं. आणि झेब्रा लोच? सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतून तो नोंदवला. पश्चिम घाटाबाहेर तो जगात कुठेच नाही. कोल्हापूरच्या माशांवरच्या १९५६च्या अभ्यासातही तो आहे. म्हणजे कुर्ल्याहून आणलेला माझा ‘फॅन्सी’ मासा कृष्णेच्या खोऱ्यातला, आपल्या घाटाचा. आज तो संकटग्रस्त प्रजातींत आहे. राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की २००५ ते २०१२ या काळात धोक्यात असलेल्या ३० जातींचे १५ लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे भारतातून शोभेसाठी निर्यात झाले, आणि ज्या तिघांचा त्यात मोठा वाटा होता त्यांत झेब्रा लोच एक. नदीला धरणं, वाळूउपसा, सांडपाणी हे सगळं आहेच. पण ओढ्याच्या तळातून पिशवीत भरला जाणारा मासा ही गोष्ट आपल्या हातातली आहे. हे वाचल्यापासून मी नवा झेब्रा लोच घेतलेला नाही. आहेत त्यांचं मात्र शेवटपर्यंत करणार.

त्यांना नदीत किंवा बावखलात सोडून द्यावं असं काहीजण सुचवतात. तसं करू नये. टाकीतला मासा रोग घेऊन जातो आणि परका मासा जागा बळकावतो. घरोघरच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासा देशातल्या किती तळ्यांत, नद्यांत माजलाय ते मासेमारांना विचारावं. उरलेल्या बावखलांना सोडलेला मासा नको आहे. त्यांना हवं आहे ते एवढंच, की त्यात डेब्रिज पडू नये. आजोबांचं बावखल भरलं गेलं, तिथे आता इमारत आहे. शेजारच्या वाडीतलं अजून आहे. उन्हाळ्यात तिथले लोक गाळ काढतात तेव्हा मीही जाते.

खालच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा हल्ली मागे लागला होता, “काकू, मलाही तुमच्यासारखे लोच हवेत.” त्याला म्हटलं, तळावरचाच मासा हवा तर कोरीडोरास घे, तो शेततळ्यांत, टाक्यांत वाढवून विकला जातो, त्याच्यासाठी कुठली नदी उपसावी लागत नाही. त्याने बारीक रेती आणली, टबात चाळून धुतली, माझ्या फिल्टरमधला अर्धा स्पंज स्वतःच्या फिल्टरला लावला. टाकी चालू आहे, मासा अजून एकही नाही. दर रविवारी वही घेऊन वर येतो, आम्ही अमोनिया मोजतो. तो शून्यावर आला आणि शून्यावरच राहिला, की दोघं कुर्ल्याला जाणार आहोत.